इलेक्ट्रिक गिटार, अ‍ॅम्प आणि डिस्टॉर्शन पेडल: कोकणात राहून घेताना पडणारे प्रश्न

मी कुडाळला गिटार शिकवतो आणि बिघडलेल्या गिटारी दुरुस्त करतो. माझ्याकडे येणारी मुलं मालवण, देवगड, वेंगुर्ला, सावंतवाडी अशी सगळीकडची. त्यांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. या विषयावर इंटरनेटवर माहिती ढिगाने आहे, पण ती लिहिणाऱ्याच्या घरात जुलैमध्ये भिंतीला ओल येत नाही. आपल्याकडे येते, आणि घेतलेली वस्तू चार वर्षं टिकणार की पहिल्याच पावसाळ्यात झोपणार, हे बरंचसं तिथेच ठरतं.

सगळं मिळून तीस हजार रुपये आहेत. कशावर किती घालू?

गिटारवर सतरा-अठरा हजार, अ‍ॅम्पवर आठ-नऊ हजार. उरलेल्या पैशांत एक चांगली केबल, तारांचे दोन सेट, पट्टा, ट्यूनर आणि गिटारचं सेटअप. पेडलसाठी, म्हणजे पायाने दाबून आवाज बदलणाऱ्या खोक्यासाठी, पहिले सहा महिने काहीही राखून ठेवू नका.

हे ऐकून मुलं हिरमुसतात, कारण त्यांना इलेक्ट्रिक गिटार हवी असते तीच मुळी त्या भरदार, गुरगुरत्या आवाजासाठी. पण आज मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक छोट्या अ‍ॅम्पवर गेनचा (आवाज फाडणारा) चॅनेल असतो आणि शिकण्यापुरता तो आवाज त्यात आहे. आठ हजारांची गिटार आणि सहा हजारांचं पेडल, असा हिशोब केलेली बरीच मुलं माझ्याकडे आली आहेत. सूर न धरणारी गिटार पेडलमुळे फक्त मोठ्याने बेसूर वाजते. डिस्टॉर्शनखाली, म्हणजे त्या फाटक्या आवाजाखाली, चुका झाकल्या जातात असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात न वाजवलेल्या तारेची नुसती थरथरसुद्धा ते वर आणतं.

हातात चाळीस हजार असतील, तर वाढलेले पैसे आधी अ‍ॅम्पमध्ये घाला.

आधी अकूस्टिक शिकून मगच इलेक्ट्रिक घ्यायची असते ना?

नाही. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक असतात. साधारणपणे पहिली तार ०.००९ किंवा ०.०१० इंच जाडीची, तर अकूस्टिकची ०.०१२ इंचाच्या आसपास. बारा वर्षांच्या मुलीची बोटं अकूस्टिकवर आठवडाभरात सोलवटतात आणि ती गिटार भिंतीला टांगून मोकळी होते. जे वाद्य ऐकून शिकावंसं वाटलं, त्याच वाद्यावर शिकावं.

कुठल्या कंपनीची घेऊ?

या किमतीत माझी पहिली पसंती यामाहाच्या पॅसिफिकाला आहे. ही मालिका १९९० पासून चालू आहे. पैसे कमी असतील तर पॅसिफिका ०१२, थोडे जास्त जमले तर ऑल्डर लाकडाची बॉडी असलेली ११२. या गिटारी खोक्यातून निघतात तेव्हाही बऱ्यापैकी सरळ असतात, आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

स्क्वायर हे नाव फेंडरचंच. १९८२ पासून फेंडरने आपल्या स्वस्त गिटारी या नावाने विकायला सुरुवात केली. त्यात सॉनिक ही खालची पायरी, त्यावर अ‍ॅफिनिटी, त्यावर क्लासिक वाइब. क्लासिक वाइब हातात घेतलीत तर महागड्या गिटारीला हात लावल्यासारखं वाटेल, पण तीस हजारांच्या एकूण हिशोबात ती बसत नाही. एपिफोन १९५७ पासून गिब्सनच्या मालकीची आहे, त्यामुळे लेस पॉल (गिब्सनचं गाजलेलं मॉडेल) घडणीची गिटार रास्त भावात हवी असेल तर तिकडे बघा. आयबानेझची जिओ मालिका जड आवाज आवडणाऱ्या मुलांना मानवते. तिचा नेक, म्हणजे बोटं फिरतात तो दांडा, सहसा पातळ असतो.

कॉर्टचं नाव आपल्याकडे कमी जण घेतात, याचं मला वाईट वाटतं. ही कोरियन कंपनी; तिच्या इंडोनेशियातल्या कारखान्यात इतर मोठमोठ्या नावांच्या गिटारीही तयार होत आल्या आहेत. हेडस्टॉकवरचं (खुंट्यांच्या टोकावरचं) नाव थोडं साधं चालत असेल तर त्याच पैशांत एक पायरी वरची वस्तू मिळते.

एक गोष्ट मापाची. फेंडर घडणीच्या गिटारीत नटपासून (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असते, गिब्सन घडणीत साधारण ६२८. हे दोन सेंटिमीटर लहान हाताला जाणवतात. मूल दहा-बारा वर्षांचं असेल तर दोन्ही प्रकार त्याच्या हातात देऊन बघा आणि निवड त्याला करू द्या.

दुकानात गिटार हातात आली की नेमकं काय तपासायचं?

सगळ्यांत आधी वाजवू नका. तळहात नेकच्या कडेवरून हेडस्टॉकपासून बॉडीपर्यंत हळूच फिरवा. फ्रेट्सची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं करवतीसारखी टोचली, तर ती गिटार दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊ द्या. मग बॉडीच्या बाजूने डोळा लावून नेककडे बघा, जसं सुतार फळी बघतो तसं. कड एका सरळ रेषेत दिसली पाहिजे, अगदी किंचित खोलगट असेल तर हरकत नाही. पिळवटलेली असेल तर ती कुठल्याही स्क्रूने सरळ होत नाही.

आता सूर लावा आणि प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवा. पाच मिनिटं लागतात. दुकानदार घाई करील, करू द्या. कुठे तार खरखरली किंवा सूर तसाच पुढच्या फ्रेटचा आला, तर एखादी फ्रेट वर उठलेली आहे. बाराव्या फ्रेटवर तार दाबून येणारा सूर आणि तिथेच बोट नुसतं टेकवून काढलेला घंटेसारखा हार्मोनिक, दोन्ही ट्यूनरवर एकच दिसले पाहिजेत. थोडा फरक ब्रिजवरच्या स्क्रूने जुळतो. स्क्रू संपला तरी फरक उरला, तर ती गिटार घेऊ नका.

शेवटी अ‍ॅम्पला जोडून व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब फिरवा, पिकअपचा खटका तिन्ही-पाचही ठिकाणी नेऊन बघा, आणि जॅकमध्ये केबल हलकेच हलवा. जॅकमधून आवाज तुटत असेल तर दुरुस्ती स्वस्त आहे, पण ती दुकानदाराने करून द्यावी.

लाकूड कुठलं, याची चिंता या किमतीत करू नका. पॉपलर, बासवुड, काहीही चालेल.

सेटअप म्हणजे काय? नवीन गिटारला कशाला लागतं?

कारखान्यातून निघून आपल्यापर्यंत येईस्तोवर गिटार वेगवेगळ्या हवेतून प्रवास करते. तिचं लाकूड हलतं. नेकच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. ती घट्ट-सैल करून नेकचा बाक ठरवतात. साधारण सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत पाव मिलिमीटरच्या आसपास फट राहावी. मग बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर, नटच्या खाचा साफ, आणि वर सांगितलेली सुराची जुळणी.

एवढं केलं की पंधरा हजारांची गिटार तीस हजारांच्या गिटारीसारखी हाताला लागते. मी हे दर आठवड्याला बघतो, तरी दर वेळी मुलाचा चेहरा उजळला की मला तितकाच आनंद होतो. ट्रस रॉड स्वतः फिरवायचा असेल तर एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त नाही, आणि अडला तर जोर लावायचा नाही.

ऑनलाइन मागवू की दुकानात जाऊन घेऊ?

पहिली गिटार शक्यतो हातात घेऊन घ्या. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्यांना गोवा जवळ आहे. तिथे घराघरात गिटार आहे, त्यामुळे दुकानांत माल आणि माहिती दोन्ही असतात. रत्नागिरी-राजापूरकडच्यांनी कोल्हापूर गाठावं. मुंबईला जाणं होणारच असेल तर धोबी तलावला १८६५ साली सुरू झालेलं फुर्ताडोज आहे, आणि कोकणकन्येत किंवा तुतारीत गिटार वरच्या बर्थवर आपल्या उशाशी ठेवून आणता येते. बाकाखाली सरकवू नका; तिथे पाय आणि पाणी दोन्ही लागतं.

ऑनलाइनच घ्यायची झाली तर परत घेण्याची मुदत आधी वाचा, आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. खोकं उघडल्यावर वर लिहिलेली सगळी तपासणी त्याच दिवशी करा.

सिंगल कॉइल चांगला की हंबकर?

हे पिकअपचे, म्हणजे तारेची थरथर पकडणाऱ्या भागाचे, दोन प्रकार. सिंगल कॉइलचा आवाज उघडा, काचेसारखा. पण ते वेटोळं आसपासच्या विजेची घूंघूंही पकडतं. हंबकरमध्ये दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात, त्यामुळे ती घूंघूं एकमेकांत मिटते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली ही रचना केली. डिस्टॉर्शन वाजवायचं असेल तर ब्रिजपाशी हंबकर हवाच, कारण पेडल त्या घूंघूंलाही शंभरपट मोठं करतं. एकाच गिटारीत सगळं हवं असेल तर ब्रिजला हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल अशी मांडणी घ्या. पॅसिफिकात तीच आहे.

फ्लॉइड रोज असलेली गिटार फार छान दिसते...

दिसते. फ्लॉइड रोज म्हणजे दांडीने हलणारा, तारा स्क्रूंनी जखडणारा ब्रिज. पण पहिली म्हणून नको. एक तार बदलली की बाकी पाचही सुरातून जातात, आणि बारीक बारीक स्क्रू खाऱ्या हवेत गंजून जाम होतात. मालवणच्या किनाऱ्याला लागून घर असेल तर साधा, न हलणारा ब्रिज हाच तुमचा मित्र.

अ‍ॅम्प किती वॅटचा घ्यावा?

घरात दहा ते वीस वॅट भरपूर झाले. वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट, हे खरं नाही. दहाचे वीस वॅट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतके. आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. म्हणून आकड्यापेक्षा स्पीकर बघा. सहा इंची स्पीकरमधून जाड तारांचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. आठ इंची झाला की छातीत थोडा धक्का लागतो. बारा इंची हा खरा गिटारचा स्पीकर. दहा वॅट-सहा इंची आणि वीस वॅट-आठ इंची यांत दोन हजारांचा फरक असेल तर दोन हजार घाला.

स्टेजवर जायचं असेल तर बॉसचा कटाना ५०. पन्नास वॅट, बारा इंची स्पीकर, आत वेगवेगळे आवाज तयार. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी तो घेतलाय आणि दोघांनाही त्यानंतर वेगळं पेडल घ्यावंसं वाटलेलं नाही.

वीज वारंवार जाते अशा गावात राहत असाल तर सेलवर चालणारा छोटा अ‍ॅम्प जवळ असू द्या. कटाना मिनी सात वॅटचा आहे आणि सहा एएए नव्हे, एए सेलवर चालतो. ब्लॅकस्टार फ्लाय ३ तीन वॅटचा, तोही एए सेलवर. इन्व्हर्टरवर मोठा अ‍ॅम्प लावाल तर, इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असल्यास, एक चिवट भुणभुण ऐकू येईल. ती अ‍ॅम्पची चूक नाही.

ट्यूब अ‍ॅम्पचाच आवाज खरा, असं म्हणतात. घेऊ का?

ट्यूब म्हणजे काचेचे जुन्या पद्धतीचे व्हॉल्व्ह. आवाज सुंदर असतो, यात वाद नाही. पण ट्यूब झिजतात, बदलाव्या लागतात, आणि त्या बसवून नीट जुळवणारा माणूस आपल्या जिल्ह्यात शोधत फिरावं लागतं. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, रात्री चढतं. वजन वीस किलोच्या आसपास. दहा वर्षं वाजवून झाल्यावर घ्या. आणि परदेशातून कुणी पाठवणार असेल तर मागे २३० व्होल्ट लिहिलेलं आहे ना, हे आधी विचारा. अमेरिकेतला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या प्लगमध्ये घातला तर तो तिथेच जळतो.

मंडळाच्या अहुजाच्या अ‍ॅम्प्लिफायरला गिटार लावली तर?

हा प्रश्न चवथीच्या आधी पंधरा दिवस रोज येतो. देवगडकडचा एक विद्यार्थी मला म्हणाला होता, “सर, टीव्हीवर असता तसो जाडो आवाज माज्या गिटारीक कित्याक येना नाय?” त्याने पेडल थेट भजनाच्या सिस्टिमला लावलं होतं आणि कर्ण्यातून गांधीलमाशा उठल्यासारखा आवाज येत होता. त्याला वाटलं पेडल खराब निघालं. पेडल ठणठणीत होतं.

कारण असं. गिटारच्या अ‍ॅम्पमधला स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज फारसा काढतच नाही. डिस्टॉर्शनमधून निघणारे कर्कश सूर तो गाळून टाकतो, आणि आपल्या कानावर पडतो तो गाळलेला आवाज. भजनाची सिस्टिम बुवांचा शब्द न् शब्द आणि टाळांची किणकिण दूरवर पोहोचवण्यासाठी असते. ती काहीच गाळत नाही. शिवाय गिटारला पुढे १ मेगाओमच्या आसपासचा इनपुट लागतो. माइकच्या इनपुटला थेट जोडली की आवाज दबतो.

उपाय दोन. एक, आपला छोटा अ‍ॅम्प स्टेजवर ठेवा आणि त्याच्यासमोर गायनाचा साधा डायनॅमिक माइक धरा, जाळीपासून दोन-तीन बोटं दूर आणि स्पीकरच्या मधोमध न ठेवता जरा बाजूला. जगभरच्या स्टेजवर १९६५ पासून शुअरचा एसएम५७ याच कामाला लागतो, पण तोच हवा असं नाही. दोन, कॅबिनेटचा (गिटार स्पीकरच्या पेटीचा) आभास तयार करणारं मल्टि-इफेक्ट, म्हणजे अनेक पेडल्स एकात असलेलं यंत्र, वापरा आणि त्यातून सिस्टिमला द्या. त्या मुलाने पहिला उपाय केला. डबलबारीच्या मध्यंतरात त्याने दोन गाणी वाजवली, आणि पखवाजवाल्या काकांनी स्वतः येऊन गिटार हातात घेऊन बघितली.

डिस्टॉर्शन म्हणजे नेमकं होतं काय? ओव्हरड्राइव्ह आणि फझ वेगळे का?

तारेची लहर गोलाकार असते. सर्किट तिला इतकी मोठी करतं की ती मर्यादेवर आदळते आणि तिचे शेंडे कापले जातात. कापलेल्या शेंड्यांमधून नवे वरचे सूर जन्मतात आणि आवाज लांबतो.

शेंडे कसे कापले यावर सगळं आहे. ओव्हरड्राइव्हमध्ये डायोड (लहरीचे शेंडे कापणारे छोटे भाग) प्रवर्धकाच्या, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या भागाच्या, परतीच्या वाटेवर बसवलेले असतात, त्यामुळे कड गोलसर राहते. हळू वाजवलं की आवाज स्वच्छ, जोरात मारलं की फाटतो. आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर या जातीचं. बॉसचं एसडी-१ हेही तसंच, फक्त त्यात एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक डायोड असल्याने वरचे आणि खालचे शेंडे सारखे कापले जात नाहीत. डिस्टॉर्शनमध्ये प्रवर्धनानंतर डायोड लहर थेट अर्थकडे सोडतात, कड धारदार होते. बॉसचं केशरी डीएस-१ आणि प्रोकोचं रॅट ही त्याची उदाहरणं. फझ याहून आडदांड, जवळजवळ चौकोनी लहर. १९६२ च्या माएस्ट्रो फझ-टोनपासून हा प्रकार बाजारात आहे. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं बिग मफ १९६९ चं. ते फझ आणि डिस्टॉर्शनच्या सीमेवर आहे.

मग पेडल कुठलं घेऊ?

एकच घ्यायचं तर मी सांगीन, एसडी-१ किंवा ट्यूब स्क्रीमरच्या जातीचं एखादं. बऱ्याच मुलांना हे पटत नाही. त्यांना जास्तीत जास्त गेन हवा असतो. पण ट्यूब स्क्रीमर मधल्या पट्टीतला, साधारण ७२० हर्ट्झच्या आसपासचा आवाज वर उचलतं, आणि ढोलकी, हार्मोनियम, बेस असा सगळा जमाव वाजत असताना गिटार ऐकू येते ती याच पट्टीत. बिग मफमध्ये हीच पट्टी खोल गेलेली असते. घरात एकट्याने वाजवताना तो आवाज समुद्रासारखा भव्य वाटतो, स्टेजवर मात्र गिटार हरवते. अ‍ॅम्पचा गेन थोडा वाढवून पुढे एसडी-१ लावलं की जड आवाजही मिळतो.

डीएस-१ हे १९७८ पासून आजतागायत बनतंय, आणि रास्त भावातलं ते सर्वांत भरवशाचं डिस्टॉर्शन. तक्रार एकच असते, आवाज टोचतो. टोनचा नॉब (घड्याळाचा काटा समजून) दहा वाजण्याच्या पुढे नेऊ नका, टोचायचा थांबतो. रॅट मला जास्त आवडतं, पण ते महाग आहे. बॉसचं मेटल झोन १९९१ चं. त्याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण त्याच्या मधल्या पट्टीचे नॉब समजून घेतले तर ते चांगलं वाजतं. नवशिक्याने त्यात अडकू नये, इतकंच.

बेरिंजरची प्लास्टिकची पेडल्स जुन्या नामांकित सर्किटांच्या जवळ जाणारा आवाज बऱ्याच कमी पैशांत देतात. घरी टेबलावर ठेवून बोटाने दाबणार असाल तर खुशाल घ्या. स्टेजवर पायाखाली मला धातूचं खोकं हवं. जोयो, मूअर, नक्स यांची छोटी धातूची पेडल्स या दोहोंच्या मधली, आणि त्या पैशांत उत्तम.

मल्टि-इफेक्ट घेतलं तर सगळंच मिळेल ना?

मिळेल, आणि अ‍ॅम्पला पैसे नसतील तर हाच शहाणपणाचा मार्ग आहे. झूमच्या जी१ फोरसारखं यंत्र आणि बरे हेडफोन घेतले की वाडीतल्या कुणालाही त्रास न देता रात्री सराव होतो. आत ताल वाजवणारी सोय आणि ट्यूनरही असतो. धोका एवढाच, की मुलं तासभर आवाज निवडत बसतात आणि वाजवतात दहा मिनिटं. मी विद्यार्थ्यांना तीनच आवाज ठरवून घ्यायला सांगतो: एक स्वच्छ, एक गुरगुरता, एक फाटका.

पेडलला घरातला कुठलाही अ‍ॅडॅप्टर चालतो का?

नाही. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पिनचा मधला बिंदू ऋण असतो. घरातल्या राउटरच्या अ‍ॅडॅप्टरचा मधला बिंदू सहसा धन असतो. उलट जोडणीने पेडल कायमचं जाऊ शकतं. अ‍ॅडॅप्टरवरची गोलाची खूण पेडलवरच्या खुणेशी ताडून बघा. मिलिअँपिअर जास्त असले तर चालतात, कमी चालत नाहीत. आणि ९ व्होल्टचा सेल आत घालून पेडल ठेवून देऊ नका. पावसाळ्यात तो पाझरतो आणि सर्किट खातो. केबल इनपुटला खोचलेली राहिली तर सेल उतरत राहतो, हेही ध्यानात ठेवा.

घूंघूं आवाज येतो आणि तारांना हात लावला की थांबतो. बिघाड आहे का?

तारांना हात लावल्यावर आवाज कमी होणं हे नेहमीचं आहे. आपलं शरीर आसपासची विजेची घूंघूं गोळा करत असतं. तारांना हात लागला की ते गिटारच्या अर्थशी जोडलं जातं. हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर मात्र आतली वायर सुटलेली किंवा उलटी आहे.

पण या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अर्थिंग. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन कोरडी पडली की घराचं अर्थिंग कमजोर होतं, आणि जुन्या घरांत ते कित्येकदा नसतंच. वीस-एक वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत गणपतीच्या कार्यक्रमात मी वाजवत होतो. माझा अ‍ॅम्प दोन पिनांच्या एक्स्टेन्शनवर होता, माइकची सिस्टिम दुसऱ्या घरातल्या लायनीवर. दोन्ही हात तारांवर होते, आणि गायला पुढे झालो तसा ओठ माइकच्या जाळीला लागला. डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि मी मागे फेकला गेलो. ओठ आठवडाभर सुजला होता. मी वाचलो. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे वाचला नाही. ३ मे १९७२ रोजी स्वानसीच्या स्टेजवर अर्थ नसलेल्या माइकला हात लागून त्याचा जीव गेला.

म्हणून हात जोडून सांगतो. तीन पिनांचा प्लग मोडून दोन पिनांचा करू नका. स्टेजवर अ‍ॅम्प आणि माइकची सिस्टिम एकाच ठिकाणाहून वीज घेऊ द्या. वाजवण्याआधी टेस्टर तारांना आणि माइकच्या जाळीला लावून बघा. तो मिणमिणला तरी वायरमनला बोलवा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका) बसवून घ्या. त्याचा खर्च एका पेडलइतकाही नाही.

पावसाळ्यात गिटार कशी सांभाळायची?

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती कित्येक दिवस ८५ च्या वर असते. मागच्या भाद्रपदात एका मुलाने जूनपासून बंद असलेली पिशवी माझ्यासमोर उघडली. आधी आला तो बुरशीचा वास. तारा तांबूस, बोट फिरवलं तर किसणीसारख्या. जॅकच्या नटला हिरवा थर, आणि काळ्या पट्ट्यावर पांढरी बुरशी नक्षीसारखी पसरलेली. तारा काढल्या, फ्रेट्स घासल्या, जॅकची आतली पट्टी साफ करून वाकवली, नॉबमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. दोन तासांनी गिटार वाजायला लागली. नशीब, नेक हलला नव्हता.

चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला गिटार टांगू नका. ती भिंत पाऊसभर पाणी पिते. आतल्या भिंतीला टांगा किंवा स्टँडवर ठेवा, जिथे पंख्याची हवा लागते. पिशवीत ठेवायचीच असेल तर सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि रंग बदलला की पुड्याही बदला. वाजवून झालं की तारा सुती कापडाने पुसा, खालच्या बाजूनेही. लेप दिलेल्या तारा दुप्पट-तिप्पट महाग पडतात, पण किनाऱ्यालगत राहणाऱ्याला त्या स्वस्तच पडतात. रोजवुडच्या फ्रेटबोर्डला (फ्रेट्स बसवलेल्या फळीला) वर्षातून दोनदा लेमन ऑइलचे दोन थेंब पुरेत. खोबरेल कधीही लावू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं.

अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नका, दोन विटांवर किंवा स्टुलावर ठेवा. मागच्या उघड्या बाजूने पाल आणि मुंग्या आत जातात. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवला की आतली ओल सुकते.

सेकंड-हँड घ्यावी का?

जरूर. चवथीला मुंबईहून येणाऱ्या कुणाकडे तरी न वाजवलेली गिटार हमखास असते, आणि मुंबईतल्या घरात ती आपल्याकडच्यापेक्षा बऱ्या स्थितीत राहिलेली असते. गोव्यातही मिळतात. नेक सरळ, ट्रस रॉड फिरतोय आणि फ्रेट्समध्ये खोल खळगे नाहीत, एवढं असेल तर बाकी सगळं दुरुस्त होतं. पेडल तर सेकंड-हँडच घ्या; धातूच्या पेडलला तीस वर्षंही काही होत नाही. पुरात भिजलेला अ‍ॅम्प मात्र फुकट दिला तरी नको. स्पीकरच्या कागदावर पाण्याची पिवळी रेघ दिसते का, ते बघा.

पेडल आलं. नॉब कुठे ठेवू?

अ‍ॅम्प स्वच्छ चॅनेलवर, बेस-मिडल-ट्रेबल तिन्ही मध्यावर. पेडल बंद ठेवून घरात चालेल इतका आवाज लावा. आता पेडल चालू करून लेव्हल असा फिरवा, की चालू-बंद केल्यावर आवाज सारखाच मोठा वाटेल. टोन दहा वाजता. गेन शून्यापासून हळूहळू वाढवा, खालच्या दोन तारा एकत्र वाजवत राहा, आणि दोन्ही सूर वेगवेगळे ऐकू येणं जिथे थांबतं तिथून थोडं मागे या. ही जागा बहुतेकांच्या अंदाजापेक्षा बरीच अलीकडे येते. तिथे नखाला लावायच्या पॉलिशने एक ठिपका द्या.